भाजीच्या नव्या प्लॉटमधलं तण: पाऊस यायच्या आत काय काय करायचं

सोसायटीच्या मागची मोकळी पट्टी असो, ऐरोली-घणसोलीतल्या रो-हाउसचं परसदार असो की टिटवाळा-वांगणीकडे हौसेने घेतलेला छोटा प्लॉट असो, भाजी लावायची ठरली की बहुतेक जण पहिल्याच रविवारी बियांची पाकिटं आणि रोपं घेऊन येतात. ती पाकिटं चार-सहा आठवडे कपाटातच राहू द्या. नव्या जागेत पहिलं पीक तणाचं येतं. ते आधी निस्तरलं नाही तर भेंडी नेमकी कुठे पेरली होती हेच जुलैत सापडत नाही.

आपल्याकडे, ठाणे-नवी मुंबईत, वर्षाला साधारण २५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. देशावर दोन पावसांच्या मध्ये उघडीप मिळते, वापसा येतो (म्हणजे माती काम करण्याजोगी सुकते), कोळपं, म्हणजे तण खरवडायचं अवजार, फिरवता येतं. ठाण्या-नवी मुंबईत जुलैमध्ये आठ-आठ दिवस वापसा म्हणून येत नाही. चिखलात खुरपं चालत नाही, उपटलेलं तण वाळत नाही, पडल्या जागी पुन्हा मूळ धरतं. त्यामुळे इथल्या माणसाचं तणाचं खरं काम एप्रिल-मेमध्ये, उन्हात. पावसाळ्यात फक्त मिळवलेलं राखायचं.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका. पहिल्या वर्षी १० बाय १० फुटांपेक्षा जास्त जागा उघडू नका. प्लॉट ५०० चौरस फुटांचा असला तरी. उरलेली जागा कापून, झाकून ठेवायची, तिचंही पुढे सांगतो. शंभर चौरस फूट नोकरी सांभाळून राखता येतात. पाचशे राखायला घरातली सगळी माणसं लागतात, आणि ती दुसऱ्या रविवारी येत नाहीत.

पहिलं काम: काय उगवलंय ते बघा

कुदळ उचलायच्या आधी प्लॉटमध्ये उकिडवं बसून नीट बघा. तुम्हाला प्रत्येक तणाचं नाव यायला हवं असं नाही. एवढंच ठरवायचंय की हे तण बियांवर जगतं की जमिनीखालच्या गड्ड्या-मुळ्यांवर. दोघांचे उपाय वेगळे, काही बाबतीत तर उलटे.

बियांवर जगणारी मंडळी पुष्कळ आहेत: टाकळा, कुर्डू, माठ-तांदुळजा, घोळ, आघाडा, एकदांडी, गाजर गवत. पहिल्या दोन-तीन सरींनंतर टाकळा गालिचा पसरावा तसा येतो आणि नवखा माणूस हबकतो. हबकायचं कारण नाही. ही सगळी झाडं मुळासकट सहज निघतात किंवा जमिनीलगत कापली तरी बहुतेक मरतात. अट एकच, फुलं-शेंगा धरायच्या आत. एकदा बी पडलं की त्यातलं काही पुढची कित्येक वर्षं मातीत दबा धरून बसतं.

गाजर गवताला मात्र हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि तोंडाला रुमाल हवाच. त्याने अनेकांच्या अंगावर खाज-पुरळ उठतं, काहींना दम्याचा त्रास होतो. १९५० च्या दशकात पुण्याजवळ त्याची नोंद झाली आणि तिथून ते देशभर पसरलं. फुलायच्या आधी उपटलं तर बिनधास्त खतात टाकता येतं. पावसाळ्यात त्याच्या पानांवर काळे पट्टे असलेले छोटे पांढुरके भुंगेरे दिसले तर मारू नका. ते मेक्सिकोहून मुद्दाम आणून १९८० च्या दशकात आपल्याकडे सोडलेले मित्रकीटक आहेत, गाजर गवताची पानं खाऊन फस्त करतात.

दुसरा गट म्हणजे लव्हाळा आणि हराळी. नवीन बागांचा बोऱ्या वाजतो तो बहुतेक या दोघांपायी.

लव्हाळा ओळखायला सोपा. दांडा दोन बोटांत धरून फिरवा, तीन कडा लागतात. गवताचा दांडा गोल किंवा चपटा असतो. माती उकरलीत तर खाली काळपट, कडक, वाटाण्या-हरभऱ्याएवढे गड्डे बारीक मुळीने एकमेकांना जोडलेले दिसतील, फोडले तर सुगंध येतो. बहुतेक गड्डे वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये असतात, काही फूटभर खाली. साखळी अखंड असते तोवर टोकाचा एखाद-दुसरा गड्डाच फुटतो, बाकीचे झोपलेले असतात. फावड्याने साखळी तोडलीत की ते सगळे स्वतंत्रपणे उठतात. म्हणूनच लव्हाळा असलेल्या जागेत पॉवर टिलर फिरवून घेणं ही सगळ्यात महागात पडणारी घाई. दोन दिवस जमीन भुसभुशीत आणि देखणी दिसते. तीन आठवड्यांनी पूर्वीपेक्षा दाट लव्हाळा उभा असतो.

हराळी, म्हणजे आपल्या दूर्वाच. ती वरूनही धावते आणि खालूनही. प्रत्येक पेराला मूळ फुटू शकतं, बोटभर तुकडा राहिला तरी पुरतो. गणपतीसाठी हव्यात म्हणून वाफ्याच्या कोपऱ्यात राखायचा मोह आवरा. एका कुंडीत लावा, कुंडी फरशीवर ठेवा.

केना या दोन्हींच्या मधला. निळी नाजूक फुलं, रसाळ दांडे. पेरांना मुळं फुटतात, शिवाय जमिनीखालीसुद्धा फुलं येऊन बी धरतं. कापून ओल्या मातीवर टाकला की दोन दिवसांत पुन्हा उभा.

नवी मुंबईत आणखी एक पाहुणा हमखास असतो, सुबाभूळ. वीतभर रोप असताना ओल्या मातीतून सरळ ओढलं तर सोटमूळ सकट येतं. कमरेएवढं झालं की कापल्यावर बुंध्यातून चार फांद्या फुटतात, मग पहारीने बुंधा काढावा लागतो. घाणेरीचंही तसंच. आणि खरोखरचं झाड असेल, तर कुऱ्हाड लावायच्या आधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे जायचं. शहरी भागात १९७५ च्या वृक्षसंवर्धन कायद्याप्रमाणे खासगी जागेतलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही.

साफसफाई, आणि साप

गुडघाभर वाढलेल्या जागेत पहिल्या दिवशी हात घालू नका. घोडबंदर रोडचा येऊरकडचा भाग, खारघरचा डोंगरपायथा, पारसिकची उतरण, इथे घोणस आणि नाग असतातच, आणि डेब्रिजचा ढीग म्हणजे उंदरांचं घर, म्हणजे सापांचंही. गमबूट घाला, लांब काठीने आधी गवत झोडपा, विटा-पत्रे उचलताना पलीकडची कड आधी वर करा म्हणजे आत काही असेल तर ते पलीकडे पळेल. साप दिसला तर थांबून वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.

गवत कोयत्याने किंवा विळ्याने जमिनीलगत कापा. फुलोऱ्यावर आलेलं वेगळं काढा. बाकीचं तिथेच एका बाजूला वाळत ठेवा, पुढे आच्छादनाला लागतं. पेटवायचं नाही. शहरात उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे, शिवाय वाऱ्यावरचा धूर थेट तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साड्यांत जातो आणि बाग सुरू व्हायच्या आधीच सोसायटीच्या मीटिंगमध्ये बंद होते.

खणायचं कुठे, नाही कुठे

प्लॉटच्या तीन-चार ठिकाणी वीतभर खड्डा करून बघा. नवी मुंबईचा बराच भाग खाजण (खाडीकाठची दलदलीची जमीन) आणि भातशेतीवर भराव घालून उभा राहिलाय. वर चार इंच माती आणि खाली मुरूम, खडी, टाइल्सचे तुकडे असं निघालं तर खणण्यात काही अर्थ नाही. तिथे पुठ्ठा अंथरून वर गादीवाफा, म्हणजे उंच वाफा, करायचा. खाडीलगतच्या जागेत माती खारट असू शकते, ती तपासून घेतलेली बरी. पनवेलला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र आहे, खाऱ्या जमिनीवर काम करणारी माणसं तिथे भेटतात.

माती बरी निघाली आणि फक्त बियांवरची तणं असली तरीही खोल खणू नका. मातीच्या थरांत वर्षानुवर्षांचं बी पडून असतं. खालचं बी अंधारात निपचित असतं, कुदळीने तुम्ही त्याला उजेडात आणता. वरवर दोन-तीन इंच हलवलं की पुरे.

लव्हाळा किंवा हराळी असेल तरच खणायचं, आणि तेही एप्रिल-मेच्या भर उन्हात. माती कोरडी ठणठणीत असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी पाणी मारा. फावड्याऐवजी दातेरी काटा घ्या, नसेल तर टिकाव. फावडं कापतं, काटा उचलतो. फूटभर खोल ढेकूळ उचलायचं, हाताने फोडायचं, साखळी न तोडता गड्डे-मुळ्या घमेल्यात टाकायच्या. काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही. एका सकाळी ३ बाय ३ फूट झालं तरी खूप. फोडलेली ढेकळं तशीच उघडी ठेवा, राहिलेल्या गड्ड्यांना आणि हराळीच्या तुकड्यांना ऊन लागू द्या. मेच्या उन्हात दोन आठवडे उघडे पडलेले गड्डे वाळून मरतात.

घमेल्यातला माल कधीही खताच्या खड्ड्यात टाकायचा नाही. पत्र्यावर किंवा गच्चीच्या सिमेंटवर पसरा, हराळी काडीसारखी मोडेपर्यंत आणि लव्हाळ्याचे गड्डे सुरकुतून हलके होईपर्यंत. हराळी-केना पाण्याच्या बंद ड्रममध्ये महिनाभर सडवला तरी चालतो, झाकण मात्र घट्ट, नाहीतर डासांची पैदास. लव्हाळ्याचे गड्डे पाण्यात टाकू नका, ते पाण्याला दाद देत नाहीत.

ऊन वापरून घ्या

मुरबाड-शहापूरकडे भाताची रोपं टाकायच्या जागेवर अजूनही राब भाजतात. शेण, पालापाचोळा, काटक्या, वर मातीचा हलका थर, आणि एप्रिल-मेमध्ये विस्तव. त्यामागची कारणं अनेक आहेत, पण एक मोठं कारण हेच की वरच्या थरातलं तणाचं बी भाजून निघतं आणि रोप स्वच्छ वाढतं. शहरात राब भाजता येत नाही. त्यातली उष्णतेची बाजू मात्र प्लास्टिकच्या कागदाने साधता येते.

कागद पारदर्शक हवा. काळा नको, निळी ताडपत्री तर अजिबात नको, कारण ऊन आरपार जाऊन मातीत पोचलं पाहिजे. २५ ते ५० मायक्रॉनचा पॉलिथिन, शक्यतो पॉलिहाऊससाठी मिळतो तसा उन्हात टिकणारा. साधा हार्डवेअरच्या दुकानातला कागद महिन्याभरात कडक होऊन फाटतो आणि त्याचे तुकडे वेचत बसावं लागतं.

जागा आधी सपाट करा, ढेकळं फोडा, काटक्या वेचा. मग भरपूर पाणी द्या, वीतभर खोल ओल गेली पाहिजे. कोरड्या मातीत उष्णता खोल जात नाही आणि सुकं बी सहज मरत नाही. ओल्या मातीत ते जागं होतं आणि तेव्हाच भाजलं जातं. दुसऱ्या दिवशी कागद मातीला अगदी चिकटून अंथरा, चारी बाजूंनी चर काढून कडा पुरा. मध्ये हवेचे फुगे राहिले तर परिणाम कमी होतो. भोक पडलं तर चिकटपट्टी लावा. मांजरं चालतातच.

एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत, म्हणजे चार ते सहा आठवडे, तसंच राहू द्या. वरच्या दोन-तीन इंचांतलं बहुतेक बी मरतं. वळवाचा पाऊस कागदावर साचला तर काढून टाका. जूनच्या पहिल्या आठवड्यात कागद उचला, धुऊन गुंडाळून ठेवा. आणि यानंतर ती जमीन खणायची नाही! वर भाजलेलं खाली आणि खालचं जिवंत वर, असं केलंत तर दीड महिना फुकट. लव्हाळ्याचे खोलवरचे गड्डेही या उपायाने मरत नाहीत. ज्यांच्याकडे लव्हाळा आहे त्यांनी आधी खणून, मगच कागद.

दिवसभर ऊन नसेल, शेजारच्या टॉवरची सावली दुपारी दोनलाच येत असेल, तर या भानगडीत पडू नका. तुमच्यासाठी पुठ्ठा आहे.

पुठ्ठ्याचा वाफा

ठाण्यातल्या छोट्या जागांना सगळ्यात मानवणारी पद्धत ही, असं माझं मत. खणायला लागत नाही, भरावाच्या जमिनीवरही चालते. मे महिन्यात पुठ्ठा मुबलक. आंब्याच्या रिकाम्या पेट्या सोसायटीत दारोदार पडलेल्या असतात आणि वाशीच्या फळबाजाराबाहेर तर ढीग. पेटीतला पेंढाही टाकू नका, तो वरच्या आच्छादनाला उत्तम.

गवत अगदी जमिनीलगत कापा आणि तिथेच राहू द्या. पाणी मारा. पुठ्ठ्याच्या चिकटपट्ट्या, पिना काढा, गुळगुळीत रंगीत छपाईचा पुठ्ठा घेऊ नका. दोन थर अंथरा, प्रत्येक जोड किमान वीतभर एकावर एक चढलेला पाहिजे. नवखी माणसं इथेच कंजुषी करतात. हराळी फट शोधून बरोबर बाहेर येते. पुठ्ठा भिजवून ओला करा, वर १५ ते २० सेंटिमीटर माती आणि कुजलेल्या खताचं मिश्रण, त्यावर पेंढा किंवा वाळका पाला. पावसात पुठ्ठा दोन-तीन महिन्यांत विरतो, तोवर खालचं गवत उजेडावाचून मेलेलं असतं.

दोन सावधगिऱ्या. घराच्या भिंतीला, लाकडी चौकटीला लागून पुठ्ठा नको, वाळवी येते. आणि वाफा आजूबाजूपेक्षा उंच राहील, पाणी बाजूने वाहून जाईल असा उतार ठेवा. लव्हाळा पुठ्ठ्यालाही टोचून वर येतो. पण तो आता भुसभुशीत वरच्या थरातून येतो, त्यामुळे ओढायला सोपा.

ज्या जागेत यंदा काही लावायचं नाही तिथे काळं जाड काहीतरी झाकून टाका. चौकाचौकातले वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स वाढदिवस उलटल्यावर कुणाला नको असतात, आणि पाठीमागून काळा असलेला फ्लेक्स पालथा घातला तर सहा-आठ आठवड्यांत खालचं गवत पिवळं पडून मरतं. वर्षभर मात्र ठेवू नका, उन्हाने तो भुगा होऊन मातीत मिसळतो.

बाहेरून काय आणताय?

स्वच्छ केलेल्या वाफ्यात तण येतं ते निम्म्या वेळा गोणीतून. ‘लाल माती’ म्हणून जी विकत मिळते तिच्यात लव्हाळ्याचे गड्डे असणं अगदी नेहमीचं आहे. चाळणीतून चाळून घ्या, गड्डे वर राहतात. शेणखत पुरतं कुजलेलं हवं: काळपट, भुसभुशीत, शेणाचा वास नसलेलं. ताज्या शेणातून गुरांनी खाल्लेल्या गवताचं बी जिवंत येतं. ठाण्या-कल्याणच्या तबेल्यांतून स्वस्तात मिळालं तरी सहा महिने कुजवल्याशिवाय वाफ्यात घालू नका. नर्सरीच्या रोपाच्या पिशवीत वरच्या मातीत आंबुशी किंवा लव्हाळ्याची पाती असतील तर तो वरचा बोटभर थर खरवडून मग रोप लावा.

पेरायच्या आधी तण उगवून घ्या

प्लास्टिक, पुठ्ठा यातलं काहीच जमलं नाही तरी एवढं करा. वाफा अगदी पेरणीसाठी करतो तसा तयार करा, पण बी टाकू नका. रोज हलकं पाणी द्या. आठवड्या-दहा दिवसांत हिरवी लव दिसेल. ती दोन पानांवर असतानाच, सकाळी ऊन चढायच्या आत, खुरप्याने किंवा हात-कोळप्याने अर्धा-पाऊण इंच खोल खरवडा. संध्याकाळपर्यंत वाळून जाईल. पुन्हा पाणी, पुन्हा खरवडणं. असं दोन-तीनदा केलं की वरच्या थरातलं उगवण्याजोगं बी बरंचसं संपतं. मग माती न हलवता बी टोका, म्हणजे एकेक बी बोटाने मातीत खोचा. मेच्या सुरुवातीला हे सुरू केलं तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येईपर्यंत जागा तयार असते.

पहिल्या हंगामात काय लावावं

वाफे तीन फूट रुंद, म्हणजे दोन्हीकडून हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यात पाय पडत नाही. उंची वीतभर, पावसाचं पाणी उतरायला. मधल्या फूटभर वाटांवर उरलेला पुठ्ठा आणि वर पालापाचोळा. वाटेवरचं तण कुणी काढत नाही आणि तेच वाफ्यात शिरतं.

बी फेकून पेरू नका. ओळीत टोका. ओळीत असलेलं तुमचं, ओळीबाहेरचं तण, एवढी साधी ओळख नवख्याला पुरते. या हंगामात मोठ्या बियांची, पसरणारी, जमीन लवकर झाकणारी पिकं घ्या: भेंडी, चवळी, दुधी, काकडी, दोडका, लाल भोपळा. लव्हाळ्याने त्रासलेल्या वाफ्यात रताळ्याचे वेल लावून बघा, लव्हाळ्याला सावली सोसत नाही. पालेभाजी हवीच असेल तर लाल माठ, कारण तणात मिसळला तरी रंगाने ओळखू येतो. कोथिंबीर, मेथी, गाजर, कांदा दिवाळीनंतर. त्यांची रोपं नाजूक, वाढ सावकाश, आणि पहिल्या पावसाळ्यातल्या तणासमोर ती टिकत नाहीत.

उरलेल्या तुकड्यात पहिल्या पावसाबरोबर ताग किंवा धैंचा (हिरवळीच्या खताची पिकं) दाट पेरा, १०० चौरस फुटांना दोन मुठी बी. दीड महिन्यात छातीएवढा होतो, खाली उजेड पोचू देत नाही. फुलावर येताच कापून तिथेच आडवा करा. ऑक्टोबरमध्ये ती जागा भाजीला तयार.

पाऊस सुरू झाल्यावर

लावल्यापासूनचे पहिले चार-सहा आठवडे पीक जपायचे. एकदा पानांनी जमीन झाकली की उरलेलं तण फारसं नुकसान करत नाही. पंधरा दिवसांनी एक खुरपणी, महिन्याने दुसरी. त्याशिवाय बागेत गेल्यावर दहा मिनिटं हाताने वेचणं. दर रविवारी तीन तास घालवण्यापेक्षा रोज चहाच्या आधीची दहा मिनिटं कामाची, कारण तण अंगठ्याएवढं असताना नुसत्या चिमटीने निघतं. काढलेलं वाफ्यात टाकू नका, जुलैत ते जगतं. घमेल्यात भरून छपराखाली न्या.

लव्हाळा दिसला की दर दोन-तीन आठवड्यांनी कापा किंवा उपटा, कंटाळलात तरी. पात फुटल्यावर साधारण महिन्याभराने तो नवे गड्डे धरायला लागतो. त्याआधी प्रत्येक वेळी पाती काढत राहिलं तर जुन्या गड्ड्यातला साठा संपत जातो. एका पावसाळ्यात तो जात नाही. दोन वर्षं धरून चाला. पावसात निघालेले गड्डे झाकणाच्या डब्यात साठवा आणि ऑक्टोबरच्या उन्हात वाळवा.

रोपं वीतभर झाली की आच्छादन घाला: पेंढा, वाळका पाला, दोन-तीन इंच जाड. बुंध्याला चिकटवू नका. सुबाभळीच्या शेंगा पाल्यात असतील तर वेचून काढा. मुसळधार पावसाच्या दिवसांत आच्छादनाखाली आफ्रिकन गोगलगायी दडतात आणि रात्रीत काकडीची रोपं साफ करतात. ओलं गोणपाट वाफ्याशेजारी अंथरून ठेवा, सकाळी त्याखाली जमलेल्या हातमोजे घालून गोळा करा. फारच वाढल्या तर आच्छादन ऑगस्टपर्यंत काढून ठेवलेलं बरं. साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा) धोका असतो, पायाला जखम असेल तर गमबुटाशिवाय उतरू नका.

आणि हो, काढलेल्या तणातलं थोडं ताटात जातं. कोवळा टाकळा, कुर्डू, केना, घोळ या सगळ्या जूनमध्ये ठाणे स्टेशनबाहेर आदिवासी मावश्या जुड्या बांधून विकतात. पहिल्यांदा त्यांच्याकडूनच विकत घ्या, हातात धरून ओळख पटवा, कशी करायची तेही विचारा. मगच स्वतःच्या वाफ्यातली खुडा. डेब्रिजच्या भरावावर, कारखान्याजवळ किंवा गटाराकाठी उगवलेली नको.

तणनाशकाबद्दल

दुकानदार हटकून विचारेल, ‘साहेब, मारून टाकू का एकदाच?’ घरच्या भाजीच्या वाफ्यासाठी माझं उत्तर नाही असं आहे. ग्लायफोसेटसारखं औषध हिरव्या पानावर चालतं, मातीतल्या बियांना काही करत नाही. म्हणजे पहिल्या पावसात टाकळा पुन्हा उगवतोच. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटची फवारणी फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच व्हावी असा आदेश काढला, यावरून ते हौशी हातांत देण्याजोगं नाही एवढं लक्षात घ्या. टू-फोर-डी हे दुसरं तणनाशक तर वाऱ्याने शेजारच्या टोमॅटो-भेंडीवर गेलं तरी पानं आकसून वाकडी होतात. मीठ टाकून तण मारायचा सल्लाही फिरतो. मिठाने तण मरेल, त्यामागोमाग तिथे भाजीही येणार नाही. फरशांच्या फटीतल्या गवतावर उकळतं पाणी ओता, तेवढं पुरतं.

जागा पावसातच हाती आली तर

जुलैमध्ये खणू नका, चिखल तुडवून मातीचा दगड होतो. दर पंधरा दिवसांनी गवत जमिनीलगत कापत राहा, काहीही बी धरू देऊ नका, आणि जिथे वाफा करायचाय तिथे काळं आच्छादन टाकून ठेवा. आच्छादनावर पाणी साचू देऊ नका, डेंग्यूच्या दिवसांत महापालिकेचा माणूस नेमका तेच बघायला येतो. ऑक्टोबरचं ऊन पडलं की आच्छादन काढा, लव्हाळा-हराळी खणून वाळवा, दोनदा तण उगवून खरवडा. दिवाळीच्या सुमारास मुळा, पालक, वाल, वांगी लावायला ती जागा मेमध्ये केलेल्या जागेइतकीच चांगली असते. उलट रब्बीत तण कमी, त्यामुळे अगदी नवख्यांनी तेव्हाच सुरुवात केली तरी काही बिघडत नाही. वाफ्याच्या चारी कडांना फूटभर पट्टा तेवढा कायम उघडा, खरवडलेला ठेवा. शेजारच्या लॉनमधली हराळी तिथूनच आत येते.